दोन वाटांची नळी

मनुष्याच्या शरीरात अहोरात्र आणि बिनबोभाट चाकरी करणारी जी इंद्रिये आहेत, त्यांत मूत्रपिंडांची गणना अग्रभागी करावी लागेल. हृदयाची धडधड ऐकू येते, श्वासाची ये-जा जाणवते. परंतु पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस बसलेली ही मुठीएवढी दोन पिंडे आपल्या अस्तित्वाची जाणीवही होऊ देत नाहीत. घेवड्याच्या बीसारखा आकार असलेल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव या गाळण्यांतून गाळला जातो. त्यातील उपयुक्त भाग शरीर पुन्हा रक्तात ओढून घेते आणि उरलेला दीड लिटरच्या आसपासचा भाग मूत्ररूपाने बाहेर टाकते. रक्तातील युरियासारखे विषारी पदार्थ, अधिकचे क्षार आणि अधिकचे पाणी यांचा निचरा अशा रीतीने रोजच्या रोज होत असतो.

हा निचरा थांबला तर काय होईल? मधुमेह, रक्तदाब अशा विकारांनी मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात. कधी कधी ती एकाएकी बंद पडतात. शेतात काम करताना घोणस चावली असता तिच्या विषाने असे घडू शकते. मग रक्तात विष साठू लागते. अंगावर सूज येते, अन्न नकोसे होते, श्वास जड होतो आणि रोगी हळूहळू बेशुद्धीत जातो. पूर्वीच्या काळी अशा रोग्यापुढे वैद्याला हात टेकावे लागत.

आज तशी स्थिती राहिलेली नाही. शरीरातील रक्त बाहेर आणून, ते यंत्रात शुद्ध करून पुन्हा शरीरात सोडता येते. या क्रियेला अपोहन म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र तिचे 'डायलिसिस' हे नावच रूढ झाले आहे. या यंत्राविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु रोग्याचे शरीर आणि ते यंत्र यांच्यामध्ये एक लहानशी नळी असते. ती नसेल तर यंत्र कितीही चांगले असले तरी व्यर्थ होय. त्या नळीची ही हकीगत आहे.

यंत्र मिळाले, पण वाट नव्हती

अपोहनाचे मूळ तत्त्व सोपे आहे. अतिसूक्ष्म छिद्रे असलेल्या पातळ पडद्याच्या एका बाजूस रक्त आणि दुसऱ्या बाजूस योग्य प्रमाणात क्षार घातलेले पाणी ठेवले, तर युरियासारखे लहान कण पडद्यातून पलीकडे जातात. रक्तपेशी मोठ्या असल्यामुळे त्या मात्र अलीकडेच राहतात. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ साली आपल्या लेखात या क्रियेचे विवेचन केले आणि तिला 'डायलिसिस' हे नाव दिले.

या तत्त्वाचा मनुष्याचे प्राण वाचविण्यासाठी उपयोग करण्याचे श्रेय प्रामुख्याने विलेम कोल्फ या डच डॉक्टरांकडे जाते. १९३८ साली ग्रोनिंगेन येथील रुग्णालयात त्यांच्या देखभालीखाली असलेला बावीस वर्षांचा एक तरुण मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावला. त्याच्या आईला ही वार्ता सांगण्याचे कठीण काम कोल्फ यांच्या वाट्यास आले. या मुलाच्या रक्तातून दररोज केवळ वीस ग्रॅम युरिया काढता आला असता तर तो कदाचित जगला असता, हा विचार त्यांच्या मनातून जाईना.

पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि हॉलंड जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले. सामानसुमानाची टंचाई झाली. अशा काळात कोल्फ कांपेन नावाच्या लहान गावी काम करीत होते. मांसाचे सॉसेज भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची लांब नळी त्यांनी लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर गुंडाळली. गावातील एनॅमलच्या कारखान्याच्या मदतीने त्यांनी टाकी करविली. क्षारयुक्त पाण्याने भरलेल्या त्या टाकीत हे पिंप फिरू लागले आणि १९४३ साली पहिले उपयोगी कृत्रिम मूत्रपिंड सिद्ध झाले.

त्या वर्षी एकोणतीस वर्षांच्या एका तरुणीवर कोल्फ यांनी बारा वेळा हा उपचार केला. यंत्र आपले काम चोख करीत होते. पण प्रत्येक वेळी रक्त बाहेर काढण्यासाठी एक रक्तवाहिनी उघडावी लागे, तीत काचेची नळी बसवावी लागे आणि उपचार संपल्यावर ती वाहिनी बांधून टाकावी लागे. एकदा बांधलेली वाहिनी पुन्हा कामास येत नसे. अखेरीस नळी बसविण्याजोगी एकही रक्तवाहिनी उरली नाही. उपचार थांबले आणि ती तरुणी दगावली. आरंभीचे रुग्ण जवळजवळ सर्वच दगावले. तरीही कोल्फ यांनी काम सोडले नाही. १९४५ साली सदुसष्ट वर्षांची एक बेशुद्ध वृद्धा या यंत्राच्या साहाय्याने शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षे जगली.

त्या यशामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. मूत्रपिंडे थोड्या दिवसांत पुन्हा काम करू लागणार असतील, तर यंत्राने रोग्याचे प्राण वाचू शकत होते. परंतु ज्यांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली होती, त्यांना हा उपचार जन्मभर, आठवड्यातून दोन-तीन वेळा हवा होता. तेवढ्या रक्तवाहिन्या कोणाच्याही शरीरात नसतात. घर बांधले होते, पण त्याला दार नव्हते.

हाताबाहेरची वाट, त्वचेखालची वाट

हे दार प्रथम उघडले ते अमेरिकेतील सिअॅटल शहरी. तेथील डॉक्टर बेल्डिंग स्क्रिब्नर यांच्याकडे १९६० सालाच्या आरंभी एक रोगी आला. अपोहनाने तो शुद्धीवर आला, हिंडूफिरू लागला. परंतु त्याची मूत्रपिंडे कायमची गेली आहेत, असे नंतर आढळून आले. त्याला वारंवार उपचार देण्याचा मार्ग ठाऊक नव्हता. त्यास घरी पाठविण्यावाचून गत्यंतर उरले नाही, आणि घरी जाऊन तो मरण पावला. या प्रसंगाने स्क्रिब्नर अस्वस्थ झाले. एके रात्री त्यांना अकस्मात जाग आली आणि तोडगा सुचला. नळ्या दर वेळी काढायच्याच कशाला? एक नळी रोहिणीत व एक नीलेत कायमची ठेवावी आणि उपचार नसेल तेव्हा त्या दोन्ही नळ्यांची बाहेरची टोके वाकड्या नळीने जोडून टाकावीत. म्हणजे रक्त अखंड वाहत राहील आणि गोठणार नाही.

कल्पना नामी होती. पण ती काचेच्या नळीने साधण्यासारखी नव्हती. काचेला लागून रक्त गोठते. त्या सुमारास टेफ्लॉन नावाचा पदार्थ उपलब्ध झालेला होता. त्याला काहीही चिकटत नाही. वेन क्विंटन या कुशल अभियंत्याने टेफ्लॉनच्या बारीक नळ्या उष्णतेने वाकवून हवा तो आकार त्यांस दिला. ९ मार्च १९६० रोजी त्या एका यंत्रकारागिराच्या हातात बसविण्यात आल्या. मरणाच्या दारी पोहोचलेला तो मनुष्य त्यानंतर अकरा वर्षे जगला.

या यशातून एक अवघड प्रश्न उभा राहिला. १९६२ साली सिअॅटल येथे अपोहनाचे केंद्र सुरू झाले, तेव्हा जागा थोड्या होत्या आणि रोगी पुष्कळ होते. कोणाला उपचार द्यावा आणि कोणाला नाकारावा, हे ठरविण्यासाठी नागरिकांची एक समिती नेमावी लागली. साधन अपुरे असले म्हणजे जगण्याचा हक्कही वाटून द्यावा लागतो, ही गोष्ट त्या काळी लोकांच्या मनाला फार लागली. भारतात २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयांत गरीब रोग्यांना हा उपचार विनामूल्य देण्याची योजना आखली गेली, तीमागेही हीच जाणीव आहे.

स्क्रिब्नर यांच्या नळ्या हाताबाहेर असत. त्यांना धक्का लागे, जंतूंचा संसर्ग होई, कधी त्या गोठत. जोड निसटला तर रक्तस्राव होऊन जीवावर बेते; म्हणून रोगी आपल्या पट्टीलाच दोन चिमटे अडकवून ठेवीत. यावर न्यूयॉर्कमधील डॉक्टर ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांचे सहकारी यांनी वेगळा उपाय शोधला. त्यांनी मनगटाजवळची रोहिणी आणि नीला त्वचेखालीच एकमेकींस जोडल्या. रोहिणीतील जोरदार प्रवाह नीलेत शिरल्यामुळे ती हळूहळू फुगते, तिची भिंत जाड होते आणि तीत वारंवार सुया टोचता येतात. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या या जोडवाटेला 'फिस्चुला' म्हणतात. शरीराबाहेर काहीच राहत नसल्याने आजही ही वाट सर्वांत निर्धोक मानली जाते.

मात्र ही वाट तयार होण्यास काही आठवडे, कधी काही महिने लागतात. घोणस चावलेला शेतकरी तेवढे थांबू शकत नाही. त्याला उपचार आजच हवा असतो. काही वृद्धांच्या आणि मधुमेही रोग्यांच्या वाहिन्या इतक्या नाजूक असतात की, त्यांत ही जोडवाट साधतच नाही. अशा सर्वांसाठी थेट मोठ्या नीलेत घालावयाची मऊ नळी लागते. तिलाच कॅथेटर म्हणतात.

एका स्वयंपाकघरातील प्रयोग

त्वचेतून सुई घालावी, सुईतून बारीक तार सरकवावी आणि तारेच्या आधाराने नळी रक्तवाहिनीत न्यावी, ही युक्ती स्वीडनचे डॉक्टर सेल्डिंगर यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली होती. तिचा उपयोग करून लंडनचे डॉक्टर स्टॅन्ली शाल्डन यांनी १९६१ साली मांडीच्या वाहिन्यांत नळ्या घालून अपोहन करून दाखविले. पण अशा पद्धतीत रक्त नेण्यासाठी एक आणि आणण्यासाठी एक, अशा दोन वाटा लागत. दोन नळ्या म्हणजे दोन जखमा, दुप्पट वेदना आणि संसर्गाचा दुप्पट धोका.

एकाच नळीत दोन वाटा करता आल्या तर? हा प्रश्न अनेकांना पडला होता. काहींनी एका नळीच्या पोटात दुसरी बारीक नळी बसवून पाहिली होती. अमेरिकेतील शिकागो येथे राहणारे डॉक्टर सखाराम माहूरकर यांनी १९७९ साली या प्रश्नास हात घातला. माहूरकर हे आडनाव मराठी वाचकाला परके वाटणार नाही. १९८० आणि १९८१ या दोन वर्षांत त्यांनी ज्या नळ्या घडवून तपासल्या, त्यांपैकी पुष्कळ प्रयोग एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत नव्हे, तर त्यांच्या घरच्या स्वयंपाकघरात झाले. पॉलिएथिलीनच्या साध्या नळ्या विकत आणून त्यांपासून त्यांनी नमुने तयार केले. रक्ताऐवजी ग्लिसरीन वापरून, नळीतून किती प्रवाह वाहतो आणि त्याला किती दाब लागतो, याची मोजमापे त्यांनी घेतली. रक्त हे पाण्याहून दाट असते. म्हणून नुसत्या पाण्यावर केलेला प्रयोग फसवा ठरला असता.

त्यांच्या नळीची रचना साधी होती. वाटोळ्या नळीच्या मधोमध एक पातळ पडदा घातला, म्हणजे तिचे दोन अर्धवर्तुळाकार भाग होतात. एका भागातून रक्त यंत्राकडे जाते, दुसऱ्यातून परत येते. नळीत नळी बसविली तर बाहेरची वाट बांगडीसारखी अरुंद राहते आणि रक्ताला दोन्ही बाजूंच्या भिंतींना घासत जावे लागते. मधल्या एका पडद्याने तेवढ्याच जागेत दोन ऐसपैस वाटा मिळतात आणि रक्ताचे घर्षण कमी होते. त्यांनी नळीचे टोकही मऊ ठेवले; कारण कठीण टोक पुढे सरकताना नीलेच्या आतल्या अस्तराला ओरखडे पाडते.

घरी केलेल्या नमुन्यांनी रचना योग्य असल्याची खात्री पटली. पण पॉलिएथिलीन ठिसूळ होते. मनुष्याच्या शरीरात घालण्यास योग्य असे लवचीक द्रव्य हवे होते. ते मिळविण्यासाठी माहूरकर यांनी कारखानदारांची मदत घेतली. १९८२ साली त्यांनी नळीच्या आकृत्यांसह पेटंटसाठी अर्ज केला. पुढे ही नळी बनविण्याचा परवाना ज्या कंपनीने घेतला, ती वेन क्विंटन यांनी स्थापन केलेली होती. स्क्रिब्नर यांच्यासाठी टेफ्लॉन वाकविणारे क्विंटन ते हेच. 'माहूरकर कॅथेटर' हे नाव आजही रुग्णालयांत ऐकू येते.

जाड की बारीक?

अशी नळी किती जाड असावी? रोग्याच्या दृष्टीने ती जितकी बारीक तितकी बरी. यंत्राच्या दृष्टीने ती जितकी रुंद तितकी चांगली. अपोहनाच्या वेळी दर मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर रक्त यंत्रातून वाहावे लागते. चार तासांच्या एका उपचारात हे प्रमाण ७२ लिटर होते. शरीरातील रक्त सुमारे पाच लिटर धरले, तर तेच रक्त चौदा वेळा या नळीतून ये-जा करते.

प्वाझय या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात बारीक नळ्यांतील प्रवाहाचा अभ्यास केला. त्याचा नियम असा की, दाब व लांबी तीच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला, तर प्रवाह निम्मा न होता सोळावा हिस्सा होतो. यावरून नळी थोडीशी बारीक करण्याची किंमत किती मोठी पडते, हे कळून येईल. म्हणून नळी बाहेरून जाड न करता आतून रुंद करण्याचा प्रयत्न चालतो. त्यासाठी भिंत पातळ हवी, आणि पातळ भिंत वाकताना दुमडता कामा नये. रुग्णालयात नळीची जाडी क्रमांकाने सांगतात. एक क्रमांक म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग. बारा क्रमांकाची नळी बाहेरून चार मिलिमीटर जाड असते. तेवढ्यात दोन वाटा आणि मधला पडदा मावावयाचा असतो.

नळीच्या द्रव्याकडूनही परस्परविरुद्ध अपेक्षा असतात. आत शिरताना ती थोडी ताठ हवी, नाहीतर ती वाटेतच मुडपेल. आत गेल्यावर मऊ हवी, नाहीतर ती टोचत राहील. पॉलियुरेथेन या द्रव्याच्या काही प्रकारांत हे दोन्ही गुण आढळतात. ते बाहेर ताठ असते आणि शरीराच्या उष्णतेने नरम होते. दीर्घकाळ ठेवावयाच्या कित्येक नळ्या सिलिकोन या मऊ द्रव्याच्या करतात.

टोकाच्या रचनेतही विचार आहे. नदीवर पिण्याचे पाणी वरच्या अंगाला भरतात आणि धुणे खालच्या अंगाला धुतात. त्याच न्यायाने, रक्त ओढून घेणारे तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूस ठेवतात आणि शुद्ध रक्त सोडणारे तोंड दोन-तीन सेंटिमीटर पुढे, हृदयाच्या दिशेने ठेवतात. तसे न केल्यास शुद्ध झालेले रक्तच पुन्हा यंत्रात ओढले जाईल आणि चार तासांचे श्रम वाया जातील.

दोन शत्रू

या नळीचे दोन मोठे शत्रू आहेत: जंतू आणि रक्ताची गुठळी.

नळीचे एक टोक शरीराबाहेर आणि दुसरे हृदयापाशी असते. त्वचेवरचे जंतू नळीच्या कडेने आत शिरले, तर ते थेट रक्तात पोहोचतात आणि रोग्याच्या जीवावर बेतते. यावर उपाय म्हणून, जी नळी फार दिवस ठेवावयाची असते ती नीलेतून सरळ बाहेर न काढता काही सेंटिमीटर त्वचेखालून छातीकडे नेतात आणि मग बाहेर काढतात. या भुयारी भागात नळीभोवती डॅक्रॉन नावाच्या धाग्याची एक लहानशी खरखरीत पट्टी बसविलेली असते. बांधावरच्या हरळीची मुळे जशी माती घट्ट धरून ठेवतात, तसे शरीरातील तंतू काही आठवड्यांत या पट्टीत वाढतात. नळी जागेवरून हलत नाही आणि जंतूंची वाटही अडते. अशी पट्टी सिअॅटलचे डॉक्टर टेंकहॉफ यांनी १९६८ साली पोटातून करावयाच्या अपोहनाच्या नळीवर वापरली होती. पुढे १९८० नंतरच्या दशकात रक्ताच्या अपोहनासाठी असलेल्या दुहेरी नळ्यांनाही ती लाभली.

दुसरा शत्रू गुठळी. उपचार नसतो तेव्हा नळीत रक्त उभे राहिले तर ते गोठेल. म्हणून उपचार संपल्यावर परिचारिका दोन्ही वाटा धुऊन त्यांत हेपारिनसारखे गोठणे थांबविणारे औषध भरते. प्रत्येक वाटेत नेमके किती औषध मावते, तो आकडा नळीवरच छापलेला असतो. कारण जास्त भरल्यास ते रक्तात उतरते आणि कमी भरल्यास टोकाशी रक्त शिरते. कोणती वाट कोणती, याचा घोटाळा होऊ नये म्हणून रक्त ओढणाऱ्या वाटेला तांबडी आणि परत सोडणाऱ्या वाटेला निळी खूण असते. नळी उघडताना परिचारिका नाकातोंडावर आवरण बांधते, हातमोजे घालते आणि टोपणे जंतुनाशकाने पुसते. उत्तम नळीसुद्धा निष्काळजी हाती पडली तर घातक ठरते.

नळीच्या बाजूला छिद्रे पाडली तर रक्त सहज ओढले जाते. पण त्याच छिद्रांच्या कडांना गुठळी धरते. म्हणून काही रचनाकारांनी ती कमी केली, काहींनी टोके दुभंगून वेगळी केली, तर काहींनी दोन्ही वाटांची तोंडे सारखीच केली. कोणी नळीच्या पृष्ठभागावर जंतुनाशकाचा किंवा हेपारिनचा लेप देऊन पाहिला. एका अडचणीवर तोड काढावी तो दुसरी उभी राहते, असा या कामाचा अनुभव आहे. गळ्याच्या हाडाखालील नीलेत नळी घालणे एके काळी सोयीचे वाटत होते. परंतु त्यामुळे ती नीला पुढे आकसते आणि त्या हाताची जोडवाट बिघडते, असे दिसून आले. तेव्हापासून मानेच्या उजव्या बाजूची नीला पसंत केली जाते.

ज्याच्या अंगावर नळी आहे, त्याचा विचार

नळीने प्राण वाचतात. पण जगणारा मनुष्य केवळ प्राणांवर जगत नाही. त्याला अंगभर पाणी घेऊन स्नान करावेसे वाटते, कुशीवर निजावेसे वाटते, नातवाला कडेवर घ्यावेसे वाटते. नळी असलेल्या रोग्याला पट्टी ओली होऊ देता येत नाही. झोपेत नळी ओढली जाईल की काय, ही धास्ती असते. लोकांच्या नजरा मानेकडे वळतात, याचा संकोच वाटतो. म्हणून नळी सुरक्षित करणे जितके आवश्यक, तितकेच ती सुसह्य करणेही आवश्यक आहे. बाहेरचे टोक छातीवर काढल्याने मान मोकळी राहते आणि नळी कपड्याआड झाकते. टोपणे व चिमटे लहान आणि गुळगुळीत असले, तर ते अंगाला रुतत नाहीत. पारदर्शक पट्टी लावली, तर ती न काढताच जखम पाहता येते. या सुधारणा छोट्या वाटतात. पण आठवड्यातून तीन वेळा रुग्णालयाची पायरी चढणाऱ्याला त्यांचे मोल विचारावे.

दोष नाही अशी नळी अद्याप कोणी बनविलेली नाही. आजही डॉक्टर शक्य तेथे त्वचेखालील जोडवाटच सुचवितात आणि ती तयार होईपर्यंत नळीचा आधार घेतात. अधिक सुरक्षित नळी घडविण्याचे काम निरनिराळ्या देशांत चालू आहे. त्यात वैद्य आहेत, तसेच अभियंते, रसायनज्ञ आणि परिचारिकाही आहेत.

कोल्फ यांना एका आईचे दुःख विसरता आले नाही. स्क्रिब्नर यांना घरी पाठविलेल्या रोग्याने झोपू दिले नाही. माहूरकर यांनी स्वयंपाकघरात बसून ग्लिसरीनचा प्रवाह मोजला. तिघांचे देश निराळे आणि साधने निराळी, परंतु "या माणसाचा त्रास कसा कमी होईल?" हा तिघांपुढील प्रश्न एकच होता. हा प्रश्न मनापासून विचारणाऱ्याला सेलोफेनच्या नळीतही मूत्रपिंड दिसते आणि चार मिलिमीटरच्या जागेत दोन वाटा सापडतात.

शब्दार्थ

अपोहन – सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून लहान कण वेगळे करण्याची क्रिया.
रोहिणी – हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणारी वाहिनी.
नीला – शरीराकडून हृदयाकडे रक्त नेणारी वाहिनी.
हात टेकणे – निरुपाय होणे.
बिनबोभाट – गाजावाजा न करता.
सुसह्य – सहज सोसता येण्याजोगे.

स्वाध्याय

१. कोल्फ यांचे यंत्र चांगले चालत असूनही पहिल्या तरुणीवरील उपचार का थांबवावे लागले?
२. "घर बांधले होते, पण त्याला दार नव्हते," या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. माहूरकर यांनी प्रयोगासाठी पाण्याऐवजी ग्लिसरीन का वापरले?
४. नळीत नळी बसविण्यापेक्षा मध्ये पडदा घालणे अधिक चांगले का? दोन्ही रचनांच्या आकृत्या काढून दाखवा.
५. मिनिटास २५० मिलिलिटर रक्त वाहिले, तर चार तासांत किती लिटर रक्त यंत्रातून जाईल?
६. पाठात आलेले नदीचे व हरळीचे दृष्टान्त कोणती गोष्ट समजावून देण्यासाठी आले आहेत, ते लिहा.
७. 'हात टेकणे', 'जीवावर बेतणे', 'तोड काढणे' या वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा.
८. तुमच्या घरी किंवा शेजारी आजारी मनुष्य असेल, तर त्याच्या रोजच्या वापरातील एखादी वस्तू अधिक सोयीची कशी करता येईल, यावर दहा ओळी लिहा.